गौताळ्याच्या तलावाकाठचे पतंग: थोडी पुरवणी
गौताळा अभयारण्यातल्या तलावाकाठी पडदा व दिवा लावून एका रात्रीत पतंगांची (फुलपाखरांसारख्या, बहुधा रात्री उडणाऱ्या कीटकांची) यादी करावी, अशी एक सूचना आहे; ती सोपी असली, तरी पौर्णिमेच्या आसपास दिव्यावर पतंग कमी येत असल्याने ती तोकडी ठरेल. पावसाळाभर दर अमावास्येच्या आगेमागे तीच जागा आणि तेच तास धरावेत. काही पतंगांच्या अळ्या चक्क पाण्यात पाणवनस्पतींवर वाढतात, म्हणून एक पडदा काठाशी आणि दुसरा आतल्या झाडीत हवा. सगळेच पतंग दिव्यावर येत नाहीत, तेव्हा दिवसा पानांखालच्या अळ्याही शोधाव्यात. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला, हातात धरताच चिरचिरणारा पतंग मी पडद्यावर पाहिला तो फार नंतर; त्याची शेपटीवर काटा मिरवणारी, बोटाएवढी जाड अळी आमच्या तिळाच्या शेतात लहानपणापासून ओळखीची होती.