स्थिरांक वेगळे असू शकले असते का?

'निसर्गाचे स्थिरांक (गुरुत्वाकर्षण किती जोरकस, असे नियमांतले ठरलेले आकडे) जरा इकडचे तिकडे झाले असते तर आपण नसतो, म्हणजे कुणीतरी, अर्थात ईश्वराने, ते जुळवले' हा एक मुद्दा, आणि 'विश्वं अगणित आहेत, त्यातलं एक आपलं' हे त्यावरचं बहुविश्वाचं उत्तर. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरलीय: स्थिरांक वेगळे असू शकले असते. ते कोणत्या पल्ल्यात बदलू शकतात हेच ठाऊक नाही, मग 'अत्यंत असंभाव्य' म्हणायचं कशाच्या जोरावर? नमुना तर एकच आहे, आपलं विश्व.

तरी बहुविश्वाला सरसकट अवैज्ञानिक ठरवणं पटत नाही. वैश्विक स्थिरांक (रिकामी जागा विश्वाला किती जोराने फैलावते ते सांगणारा आकडा) फार मोठा असता तर दीर्घिका बनण्याआधीच द्रव्य पांगलं असतं. त्यावरून भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये त्याची कमाल मर्यादा काढली. तो नेमका शून्यच असेल असं मानायचं कारण नाही, हेही त्यातून निघत होतं. तेव्हा बहुतेकांना तो शून्य वाटायचा. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) विश्वाच्या विस्ताराचा वेग वाढतोय हे कळलं, आणि किंमत निघाली मर्यादेच्या आत, पण शून्य नाही! एवढ्याने इतर विश्वं सिद्ध होत नाहीत, हे खरंच.

ईश्वराच्या बाजूने असं आधी सांगितलेलं काही आहे का? (श्रद्धेबद्दल नाही, फक्त या युक्तिवादाबद्दल विचारतोय.) आणि सर्वशक्तिमानाला स्थिरांक जुळवत बसायची गरज काय? जीव तर त्याला कुठल्याही नियमांत घडवता आले असते.