गरम आमटी, निळे कॅन आणि पोटुशी जाऊ : आधी काय बदलू?

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, शहापुरात आमची छोटी खानावळ आहे. धाकट्या जावेला चौथा महिना लागलाय. तिला आधीपासून थायरॉईडची गोळी चालू, म्हणून जीव जास्तच घाबरतो. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "प्लास्टिकमधलं गरम खाऊ नको." पण आमच्या घरात ते टाळायचं कसं?

दुपारी पार्सलं तीच बांधते. उकळती आमटी पातळ पिशवीत ओतायची, वर दोरा गुंडाळायचा. तर्री लागते तिथे पिशवी लिबलिबीत होऊन आक्रसते, हे मी रोज बघते. उरलेली पार्सलं घरी आम्हीच जेवतो.

दुसरं म्हणजे पाणी. नळाला रोज येत नाही, म्हणून वीस लिटरचे निळसर कॅन भरून गच्चीवर ठेवतो. उन्हाळ्यात कॅनला हात लावला की चटका बसतो. काल एक उलटा करून बघितला, तळाला त्रिकोणात ७ (प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा) आणि कडा घासून पांढुरक्या झालेल्या. ७ मध्ये बरंच काही येतं, पण असे कडक पारदर्शक कॅन बहुधा पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचे, म्हणजे बीपीए (बिस्फेनॉल-ए) या रसायनापासून बनवलेले. आपल्याकडे बाळाच्या दूधबाटल्यांत पॉलिकार्बोनेट वापरायला २०१५ सालीच मनाई झाली. मग बाळ पोटात असताना आईने त्यातलं पाणी प्यावं का?

बीपीए अंगात इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकासारखं (हार्मोनसारखं) वागतं. बाळाची घडण संप्रेरकांच्या अगदी थोड्या मात्रेवर चालते, म्हणून गरोदरपणात धोका जास्त. उष्णता आणि झिजलेलं प्लास्टिक यांनी ते जास्त उतरतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची चालण्याजोगी मात्रा वीस हजार पटींनी खाली आणली, हे वाचून माझी झोपच उडाली. धीर एवढाच की ते अंगात साठून राहत नाही, बहुतेक दिवसाभरात लघवीवाटे निघून जातं. म्हणजे आज थांबवलं तरी उपयोग आहे की!

२०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारने इडली वाफवायला प्लास्टिक वापरू नका म्हणून बंदी घातली, तेव्हा आम्ही लगेच सुती फडकी परत आणली. इडलीचं जमलं, आमटीचं अडलंय. शेजारचा मुलगा म्हणतो, पिशवी पॉलिथिनची, तिच्यात बीपीए नसतं. असेलही. पण रंगीत पिशव्या बऱ्याचदा जुनं प्लास्टिक वितळवून केलेल्या असतात, त्यात काय काय मिसळलंय कोण सांगणार? कुणी खानावळीत अनामत घेऊन स्टीलचे डबे दिलेत का? गिऱ्हाईक परत आणून देतं का? किती अनामत ठेवलीत?

आणि कॅनचं काय करू? 'बीपीए-फ्री' घ्यावा तर त्याच्या जागी कधी कधी बीपीएस हे त्याच्याच जातीचं रसायन घालतात, तेही तसंच वागतं म्हणे. सासूबाईंचा तांब्याचा हंडा माळ्यावर आहे, पण तेवढ्यात दोन दिवसही निघायचे नाहीत. स्टीलची टाकी कुणी वापरत असाल तर किती लिटरची घेतलीत आणि कितीला पडली, तेवढं सांगा. पाणी आता शुक्रवारी येईल, त्याआधी ठरवायचंय.