विली लोमनसाठी रडायचं की त्याच्या पोरांसाठी?

पिटातला प्रेक्षक (धागाकर्ता)

आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’चा विषय निघाला की विली लोमनला ‘व्यवस्थेने चिरडलेला बिचारा माणूस’ म्हणून मोकळं व्हायची पद्धत पडली आहे. नाटक १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं, पुलित्झर पुरस्कार मिळाला, जगभर झालं, आणि बहुतेक चर्चा अजून तिथेच अडकलेली आहे. मला हे अजिबात पटत नाही. विली आधी बाप आहे, मग विक्रेता. बाप म्हणून त्याने जे केलं ते कंपनीच्या माथी मारता येणार नाही.

नाटक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला राहणारा ६३ वर्षांचा फिरता विक्रेता, सगळी हयात न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, माल खपवण्यात गेलेली. आता गाडी चालवताना भान सुटतं, जुनी माणसं समोर दिसतात, त्यांच्याशी तो मोठमोठ्याने बोलतो. थोरला बिफ चौतिशीचा, पण कुठेच टिकत नाही. धाकटा हॅपी थापा मारत जगतोय. बायको लिंडा सगळ्यांना सांभाळून घेते. शेवटी विम्याचे २०,००० डॉलर बिफच्या हाती पडावेत म्हणून विली गाडी घेऊन निघतो आणि जीव देतो.

आता तो फुटबॉलचा प्रसंग बघा. शाळकरी बिफ लॉकर रूममधून चेंडू उचलून आणतो. विली हसत हसत ‘परत दे’ म्हणतो आणि त्याच दमात सांगतो की कोच तुझ्या धडाडीचं कौतुकच करेल. पुढे पोरं शेजारच्या बांधकामावरून लाकडं पळवतात, त्याचाही याला अभिमान. शेजारचा बर्नार्ड जीव तोडून सांगत असतो की बिफ गणितात नापास होणार, तर विली म्हणतो, बर्नार्डला मार्क मिळतील, पण लोकांवर छाप पडते ती माझ्या मुलांची. बिफने पुढे प्रत्येक नोकरी चोरीपायी घालवली. कॅन्सस सिटीत सूट चोरून तुरुंगात गेला. हे त्याला कुठल्या मालकाने शिकवलं?

जुना एमआर

पूर्ण असहमत. मी औषध कंपनीत बरीच वर्षं एमआर, म्हणजे औषधांचा फिरता प्रतिनिधी, म्हणून फिरलो आहे, त्यामुळे हे नाटक मला घरात बसून वाचल्यासारखं वाचताच येत नाही.

विली मालकाच्या केबिनमध्ये जातो तो प्रसंग नीट वाचा. मालक हॉवर्ड आवाज टिपणाऱ्या नव्या वायर रेकॉर्डरशी खेळतोय. त्यावर त्याच्या मुलीची शिट्टी, मुलगा राज्यांच्या राजधान्या घडाघडा म्हणतोय. विलीला एवढंच सांगायचंय की आता फिरती झेपत नाही, इथे न्यूयॉर्कला बसून काहीतरी काम द्या. मागतो आठवड्याला ६५ डॉलर. समोरून नकार येतो तसा तो ५० वर येतो, मग ४० वर. आयुष्यभर दुसऱ्याचा माल विकलेला माणूस स्वतःचाच भाव स्वतः उतरवत जातो, आणि गिऱ्हाईक मशीनकडे बघतंय! चौतीस वर्षं दिली मी या कंपनीला, संत्रं खाऊन साल फेकावं तसं माणसाला फेकता येत नाही, असं तो ओरडतो. मिळतं काय, तर डच्चू. त्याआधीच पगार बंद करून त्याला नवख्या पोरासारखं निव्वळ कमिशनवर टाकलेलं असतं.

आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या एका सीनिअरला अशीच टेरिटरी बदलून बदलून थकवला होता. तो शेवटपर्यंत घरी सांगायचा, “टार्गेट झालं.” त्याला तुम्ही खोटारडा बाप म्हणाल का? खरं सांगायची चैन त्याला परवडत नव्हती.

पिटातला प्रेक्षक

केबिनचा प्रसंग मलाही हलवतो, त्यात वाद नाही. पण त्याच्या लगेच नंतर काय होतं ते तुम्ही सोडलंत. विली तिथून चार्लीकडे जातो. चार्ली म्हणजे शेजारी, बर्नार्डचा बाप. विली दर आठवड्याला त्याच्याकडून ५० डॉलर उसने घेतो आणि घरी पगार म्हणून देतो. चार्ली म्हणतो, माझ्याकडे ये, आठवड्याला ५० देतो, फिरती नाही. विली नाही म्हणतो. आत्ताच ४० साठी गयावया केलेला माणूस ५० नाकारतो! व्यवस्थेने मारलं म्हणताना या नकाराचं काय करायचं?

जुना एमआर

त्याच नकारात त्याची शोकांतिका आहे ना. चार्लीकडे नोकरी धरली की आयुष्यभर आपण सांगत आलो ते सगळं चूक होतं हे कबूल करावं लागतं. ६३ व्या वर्षी हे कबूल करून उरतं काय? आणि ‘लोकांना आवडलात की धंदा आपोआप येतो’ हे खूळ विलीने घरी नाही बनवलं. ८४ व्या वर्षी हॉटेलच्या खोलीत सपाता घालून नुसत्या फोनवर धंदा करणारा डेव्ह सिंगलमन त्याने पाहिला होता. प्रत्येक सेल्स मीटिंगमध्ये असा एक सिंगलमन दाखवतातच.

शरावती

दोघेही लिंडाला विसरलात. विलीने तळघरात गॅसजवळ रबरी नळी लपवलेली असते, जीव द्यायची तयारी म्हणून. ती लिंडाला सापडते. ती रोज नळी काढून ठेवते आणि तो घरी यायच्या वेळेला पुन्हा होती तिथे लावते, का तर त्याचा अपमान होऊ नये! मला या एका गोष्टीने आख्खं घर कळलं. विलीचा भ्रम एकट्याचा नाहीये, तो रोज लिंडाच्या हातून जपला जातो. आणि हीच बाई फाटके मोजे रफू करत बसते, कारण नवे मोजे बॉस्टनच्या हॉटेलातल्या बाईला गेलेत. बिफने बापाला तिथे त्या बाईबरोबर पाहिलं आणि त्या दिवसापासून गणिताची परीक्षा पुन्हा द्यायचं नाव काढलं नाही. धागाकर्त्याशी मी इथे सहमत आहे. बिफ मोडला तो बॉस्टनला, हॉवर्डच्या ऑफिसात नाही.

अनघा, न्यू जर्सी

२०२२ मध्ये ब्रॉडवेला वेंडेल पीअर्सचा विली पाहिला. त्या प्रयोगात लोमन कुटुंब कृष्णवर्णीय होतं आणि हॉवर्ड गोरा. मूळ संहितेतच ३६ वर्षांचा हॉवर्ड ६३ वर्षांच्या विलीला ‘किड’, म्हणजे ‘पोरा’, म्हणतो, ज्याच्या बारशाच्या वेळी विलीचं मत विचारलं होतं तोच हॉवर्ड. तो शब्द त्या रात्री ऐकवत नव्हता. लोकांना आपण आवडलं पाहिजे ही विलीची धडपड मला तेव्हा पोकळ बढाई वाटली नाही. ज्याच्याकडे दुसरं काहीच भांडवल नाही, तो आणखी कशावर जगणार?

तिसरी घंटा

विलीचा स्वतःचा बाप कुठे होता, हे कोणी विचारलंच नाही. बासऱ्या बनवून विकणारा तो माणूस अलास्काला निघून गेला तेव्हा विली अगदी लहान होता. म्हणून तर मेलेल्या बेनला, आपल्या मोठ्या भावाला, तो पुन्हा पुन्हा विचारतो की मुलांना कसं वाढवू. बेनकडे उत्तर एकच: मी सतराव्या वर्षी जंगलात गेलो आणि एकविसाव्या वर्षी श्रीमंत होऊन बाहेर आलो. बाप कसा असतो हे ज्याने पाहिलंच नाही, त्याने ते भावाच्या बढाईतून शिकायचा प्रयत्न केला. मी त्याला माफ करते.

पिटातला प्रेक्षक

माफ करा हो, माझी ना नाही. पण बापाविना वाढलेला प्रत्येक जण मुलाच्या चोरीला धडाडी म्हणत नाही. चार्ली मुलाला कसलाच उपदेश करत नाही. त्याचा बर्नार्ड सुप्रीम कोर्टात केस लढायला निघालाय आणि त्याचा उल्लेखसुद्धा करत नाही. विलीला याचं नवल वाटतं. चार्ली म्हणतो, त्याला सांगायची गरज नाही, तो करणार आहे.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी हॅपीची वाटते. लहानपणी तो सारखा म्हणत असतो, “बाबा, माझं वजन कमी झालंय, बघितलंत का?” बापाचं लक्ष बिफवर. बिफ निदान शेवटच्या रात्री बापासमोर रडून सांगतो की मी कोणी मोठा नाही, तुम्हीही नाही, आता सोडा मला. हॅपी बापाच्या थडग्यापाशी उभा राहून म्हणतो, त्यांचं स्वप्न बरोबरच होतं, मी ते पूर्ण करून दाखवतो.

जुना एमआर

हॅपीबद्दल मान्य. पण त्याच थडग्यापाशी चार्लीही बोलतो, आणि तो म्हणतो, या माणसाला कोणी दोष देऊ नये, विक्रेत्याला स्वप्न बघावंच लागतं. विलीला दर आठवड्याला उसने पैसे देणारा, त्याच्याकडून टोमणे खाणारा चार्ली! त्याला विलीची खोट तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. मी त्याच्या बाजूने आहे.