आधी मुख्य क्रियापद शोधा

लांब इंग्रजी वाक्यं वाचताना अर्थ लागत नाही, काय करावं, या प्रश्नावर बऱ्याच जणांनी शब्दसंग्रह वाढवा म्हटलंय, ते बरोबरच आहे, पण अशा वाक्यात गाडी शब्दांपेक्षा रचनेमुळे जास्त अडते असं मला ठामपणे वाटतं. हे वाक्य बघा: 'द रिपोर्ट दॅट द कमिटी अपॉइंटेड बाय द गव्हर्नमेंट सबमिटेड लास्ट वीक वॉज रिजेक्टेड.' एकही शब्द अवघड नाही तरी पहिल्या वाचनात गोंधळ होतो, कारण कर्ता सुरुवातीला, त्याचं क्रियापद पार शेवटी आणि मधे क्रियापदासारखे दिसणारे अजून दोन शब्द. मग करायचं काय तर 'दॅट'पासून 'वीक'पर्यंतचा भाग पेन्सिलने सरळ कंसात टाकायचा, उरतं 'द रिपोर्ट वॉज रिजेक्टेड', म्हणजे अहवाल फेटाळला, झालं. आता कंस उघडा. कुठला अहवाल? कमिटीने गेल्या आठवड्यात दिलेला. कुठली कमिटी? सरकारने नेमलेली. 'अपॉइंटेड' इथे मुख्य क्रियापद नाहीच, ते कमिटीबद्दल सांगतंय, पुढचा 'बाय' बघितला की लक्षात येतं.

अजून एक, हा 'दॅट' पुष्कळदा गाळलेला असतो, 'द बुक आय बॉट वॉज गुड' सारखं. 'बुक' आणि 'आय' असे लागोपाठ आले की मधे 'दॅट' आहे असं समजून वाचायचं.

डिक्शनरी हे सगळं झाल्यावर उघडा, निम्म्या शब्दांचा अंदाज तोवर आलेला असतो.