मदत हवी आहे: १९९२ चं प्रकरण, ठाण्यातला फौजदारी वकील

वाशीत स्वतःची कंपनी चालवणाऱ्या एका मैत्रिणीसाठी विचारतेय. आईच्या मागे नौपाड्यातलं घर आवरताना जुनी पत्रं निघाली. त्यांवरून दिसतं की ती नऊ वर्षांची असताना नातेवाइकाने केलेला अत्याचार घरात माहीत होता, दडवला गेला.

घटना १९९२ ची, म्हणजे २०१२ चा पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागू नाही, जुनी भारतीय दंड संहिताच. खरी अडचण कलमाची. कलम ३७६ ला (बलात्कार) खटल्यासाठी मुदत नाही. पण तेव्हाच्या ३५४ ला (विनयभंग) कमाल शिक्षा दोन वर्षं, म्हणून तीन वर्षांची मुदत. शिवाय २०१३ पूर्वीची बलात्काराची व्याख्या फार अरुंद. त्यामुळे जबाबाआधीच वकील हवा. घटना कळव्यातली, झिरो एफआयआर (हद्दीबाहेरच्या पोलीस ठाण्यातही नोंदवता येणारी तक्रार) वाशीत होईल, तपास मात्र तिकडे जाणार.

पत्रं पाकिटांसकट ठेवलीत, टपालाच्या शिक्क्यावरून तारीख कळते. लॅमिनेशन नाही (उत्साही भावाला दोनदा सांगावं लागलं!), नाहीतर हस्ताक्षर तपासणी अवघड होते. तुलनेसाठी आईचे त्याच काळातले बँकेचे फॉर्म शोधतोय.

ठाणे सत्र न्यायालयात इतकी जुनी प्रकरणं हाताळलेला वकील कुणाला माहीत आहे का? आणि मराठीतून बोलणारी, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही सुचवा. नुसतं ‘काउन्सेलर’ नको.