मदत हवी आहे : कोथिंबीर, पुदिना आणि कढीपत्ता आठवडाभर ताजा ठेवण्यासाठी काय करावे?

नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. घरात आई आणि मी अशी दोनच माणसे असून गेली तीन वर्षे स्वयंपाक माझ्याकडे आहे. आईचे वय ८१ आहे आणि रक्तदाबामुळे डॉक्टरांनी तिच्या जेवणातले मीठ बरेच कमी करायला सांगितले आहे. मीठ कमी झाल्यावर वरण काय आणि दुधीची भाजी काय, सगळेच सपक लागते, आणि आई दोन घास खाऊन ताट बाजूला सारते. अशा वेळी वरणावर भुरभुरलेली मूठभर ताजी कोथिंबीर, फोडणीत तडतडलेला कढीपत्ता किंवा ताकात चुरडलेली पुदिन्याची चार पाने असली, तर ती तेच जेवण आवडीने जेवते. म्हणून ही पाने मला सातही दिवस घरात हवी असतात.

अडचण अशी आहे की बाजारात मला फक्त रविवारी सकाळी जाता येते. जांभळी नाक्यावरून आठवड्याची भाजी आणतो, त्यात कोथिंबिरीच्या दोन जुड्या, पुदिन्याची एक आणि कढीपत्त्याच्या काही काड्या असतात. इतर दिवशी कामावरून परतायला रात्रीचे नऊ वाजतात आणि तोवर स्टेशनजवळच्या विक्रेत्यांकडे दिवसभर पाणी मारून पिचलेल्या जुड्याच उरलेल्या असतात. रविवारची कोथिंबीर उन्हाळ्यात कशीबशी बुधवारपर्यंत येते, परंतु या आषाढात ती मंगळवारीच खराब होऊ लागली आहे.

नेमके काय चुकते हे समजावे म्हणून मागच्या रविवारी एकाच जुडीचे तीन भाग केले. पहिला भाग बाजारातून आला तसा, ओला आणि बांधलेलाच, पिशवीत घालून फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी तो आतून पिवळा आणि देठांजवळ बुळबुळीत झाला व त्याला वास येऊ लागला. दुसरा भाग निवडून स्टीलच्या चाळणीत उघडाच ठेवला, तर दुसऱ्याच दिवशी त्याने मान टाकली आणि नंतर पाने कागदासारखी झाली. तिसरा भाग स्वच्छ धुऊन, निथळून, डब्यात झाकून ठेवला. तो पाचव्या दिवसापर्यंत टिकला खरा, पण तळाची पाने काळी पडून एकमेकांना चिकटली होती.

म्हणजे पाणी राहिले तरी पाने जातात आणि पाणी गेले तरी जातात. मग पानांना ओलावा हवा असतो की नको असतो, हा माझा मूळ प्रश्न आहे. त्याच्या जोडीने असेही विचारावेसे वाटते की आणल्याबरोबर धुवावे की वापरताना, आणि कोथिंबीर, पुदिना व कढीपत्ता या तिघांना एकच पद्धत चालते की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे. आमचा फ्रीज बर्फ न साचणारा, दोन दारांचा आहे आणि भाजीच्या त्याच कप्प्यात टोमॅटो आणि आईची सफरचंदेही असतात, हे मुद्दाम नमूद करतो. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद पहिला, ऐरोलीहून

दादा, आमच्याकडे सहा माणसांचे घर आहे, तरीही मी कोथिंबीर आठवड्याची एकदाच आणते. घरी आल्यावर पहिले काम म्हणजे जुडीचा बंध सोडायचा, मग बाकीची पिशवी रिकामी करायची. पिवळी आणि चुरगळलेली पाने काढून टाकायची, मुळे कापायची आणि न धुता जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर पंख्याखाली तासभर पसरून ठेवायची. पानांना हात लावल्यावर ओले लागत नाही, पण पान मऊही पडलेले नाही, अशा वेळी ती उचलायची. मग वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवायची. माझी कोथिंबीर नऊ-दहा दिवस सहज राहते. पावसाळ्यात पंख्याखाली तासाऐवजी दोन तास लागतात, एवढाच फरक.

प्रतिसाद दुसरा, तुर्भ्याहून

मी बरीच वर्षे तुर्भ्याच्या घाऊक भाजीपाला बाजारात पालेभाजीच्या गाळ्यावर काम केले आहे, म्हणून बाजाराच्या बाजूने थोडे सांगतो.

तिथे नाशिक आणि पुणे भागांतून येणाऱ्या गाड्या रात्रीच लागतात. तुम्ही रविवारी सकाळी घेतलेली जुडी बहुधा शनिवारी उपटलेली असते, मग ती गाडीत दाबून भरली जाते, आपल्या बाजारात उतरते आणि तिथून ठाण्याला जाते. या सगळ्या प्रवासात तिच्यावर पाणी मारले जाते, कारण पाणी न मारल्यास ती सुकते आणि सुकलेली जुडी कोणी घेत नाही. पालेभाजी उपटल्यावरही जिवंत असते आणि ऊब सोडत असते. घट्ट बांधलेल्या जुडीच्या मधोमध हात घातला तर तो गरमपणा हाताला कळतो. तुमचा पहिला भाग आतून पिवळा झाला त्याचे कारण हेच आहे.

म्हणून घेतानाच जुडी हातात उलटी धरून पाहावी. वरून टवटवीत दिसणारी जुडी बंधाजवळ काळपट किंवा चिकट असेल, तर ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. मुळांसकट असलेली आणि मुळांना माती चिकटलेली जुडी चांगली, भले ती निवडायला वेळ लागो. पावसाळ्यात आकाराने मोठ्या जुडीपेक्षा पाने कोरडी असलेली लहान जुडी घ्यावी.

प्रतिसाद तिसरा, वाशीहून

अन्नतंत्रज्ञान हा माझ्या शिक्षणाचा आणि नोकरीचा विषय असल्याने मूळ प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

आपण ओलावा हवा की नको असे विचारले आहे. पानाच्या आतले पाणी टिकायला हवे आणि पानाच्या बाहेरचे पाणी जायला हवे, असे त्याचे उत्तर आहे. पान आपल्या सूक्ष्म छिद्रांवाटे सतत पाणी सोडत असते. भोवतालची हवा कोरडी असेल तर ते वेगाने सोडते आणि आतला ताठपणा जाऊन मान टाकते. बर्फ न साचणाऱ्या फ्रीजमध्ये पंख्याने थंड, कोरडी हवा फिरवली जाते, म्हणून आपली चाळणीतली कोथिंबीर एका दिवसात सुकली. याउलट पानावर पाण्याचा थर राहिला तर जिवाणू आणि बुरशी यांना तिथे वाढायला जागा मिळते आणि पान सडते. पिशवीतला आणि डब्याच्या तळाचा भाग याच कारणाने गेला. सुकणे आणि सडणे ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींवर एकाच वेळी उपाय करावा लागतो.

झाकणाचा डबा पहिल्यावर उपाय करतो, कारण आतली हवा दमट राहते. डब्यात पानांच्या खाली आणि वर ठेवलेला कोरडा सुती रुमाल किंवा स्वयंपाकघरातला टिपकागद दुसऱ्यावर उपाय करतो, कारण झाकणाला सुटणारे पाणी तो शोषून घेतो. हा रुमाल ओलसर झाला की बदलायचा. बहुतेक घरांत डबा भरला जातो, पण रुमाल बदलायचा राहून जातो आणि मग डब्यालाच दोष दिला जातो. पाने दाबून भरू नयेत. ऐरोलीच्या ताईंची पद्धत उत्तम आहे, फक्त वर्तमानपत्र टाळावे, कारण छपाईची शाई अन्नाला लागते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनुसारही अन्न साठवण्यासाठी किंवा गुंडाळण्यासाठी वर्तमानपत्र वापरता येत नाही.

धुण्याबद्दल म्हणाल तर वापरतानाच धुणे चांगले. पावसाळ्यात चिखल फारच असेल तर आधी धुवावे, पण मग पूर्ण कोरडे केल्याशिवाय डब्यात घालू नये.

आपण टोमॅटो आणि सफरचंदांचा उल्लेख केलात हे फार बरे झाले. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने हिरवी पाने लवकर पिवळी पडतात. सफरचंदे वरच्या फळीवर हलवावीत, आणि टोमॅटो पूर्ण पिकेपर्यंत ओट्यावरच ठेवावेत. पिकलेली केळी आणि पपईदेखील कोथिंबिरीच्या शेजारी नकोत. डबा थंड हवेच्या झरोक्याला टेकवू नये, कारण तिथे पाने गोठतात आणि बाहेर काढल्यावर काळी पडतात.

तिघांची तऱ्हा मात्र वेगळी आहे. कोथिंबीर आणि पुदिना यांना गोठणबिंदूच्या जवळची थंडी मानवते, त्यामुळे घरचा फ्रीज ४ अंशांच्या आसपास असेल तर त्यांना ते सोयीचे आहे. कोथिंबीर मुळांसकट असेल तर दुसरा मार्गही आहे. मुळे धुऊन, पाने कोरडी ठेवून, ग्लासात दोन बोटे पाण्यात ती फुलांसारखी उभी करावी, वरून पिशवी सैल पांघरावी, फ्रीजमध्ये ठेवावी आणि एक दिवसाआड पाणी बदलावे. पुदिन्याचे पान नाजूक असते, ते देठावरून खुडून ठेवले की कडा लगेच काळ्या पडतात, म्हणून तो देठासकटच ठेवावा. कढीपत्त्याची काडी कोरडी करून घट्ट डब्यात ठेवल्यास बराच काळ राहते. त्याहून जास्त दिवस हवा असेल तर पाने फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि न वितळवता थेट फोडणीत टाकावीत, मात्र पानांवर बर्फाचे कण असल्यास तेल उडते, तेव्हा हात जपावा.

विचारले नाहीत तरी तुळशीविषयी सांगून ठेवते. काढ्यासाठी तोडलेली पाने फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण तुळशीला इतकी थंडी सोसत नाही आणि पाने काळवंडतात. ती लागतील तेव्हाच तोडावीत.

धागाकर्त्याचे उत्तर, बारा दिवसांनंतर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

त्यानंतरच्या रविवारी बंध सोडून, निवडून, आईच्या जुन्या सुती साडीवर कोथिंबीर पसरली. निवडण्याचे काम आईनेच मागून घेतले आणि खुर्चीत बसून तासभर ती पाने निवडत होती. एक जुडी रुमालाच्या डब्यात आणि दुसरी मुळांसकट ग्लासात ठेवली. ग्लासातली सहा दिवस अगदी शेतातल्यासारखी राहिली, नंतर खालची पाने पिवळी पडू लागली. डब्यातली आज बाराव्या दिवशीही वापरण्याजोगी आहे, जरी सुगंध पहिल्या चार दिवसांइतका राहिलेला नाही. म्हणून आता आठवड्याच्या पूर्वार्धात ग्लासातली आणि उत्तरार्धात डब्यातली असा क्रम ठरवला आहे. रुमाल दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी बदलावा लागला. सफरचंदे वरच्या फळीवर गेली आहेत. पुदिन्याच्या चार काड्या ओट्यावर पाण्यात ठेवल्या होत्या, त्यांना पांढरी मुळे फुटली असून त्या आता खिडकीतल्या कुंडीत लावल्या आहेत.

एकच शंका उरली आहे. महिनाअखेर कामामुळे दोन रविवार बाजार जमत नाही. तेव्हासाठी कोथिंबीर, लसूण आणि मिरची वाटून वर तेलाचा थर देऊन बरणीत ओट्यावर ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद, वाशीहून

कृपया तसे करू नये. मातीतून येणाऱ्या एका जिवाणूचे बीज लसणावर आणि पानांवर असू शकते. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि वाटणात आंबटपणा नसतो, अशा जागी बाहेरच्या उबेत ते वाढून अत्यंत घातक विष तयार करू शकते, आणि त्याचा वास किंवा चव येईलच असे नाही. तेलातले वाटण फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे. दोन आठवड्यांसाठी हवे असेल तर तेल न घालता, थोड्या पाण्यात वाटून बर्फाच्या साच्यात गोठवावे आणि वड्या काढून डब्यात भराव्यात. आमटीत एक वडी पुरते. वाटणात मीठ घालू नये, म्हणजे आईंच्या पथ्यालाही ते चालेल. वरून भुरभुरण्यासाठी मात्र गोठवलेली कोथिंबीर उपयोगाची नाही, कारण बर्फाच्या कणांनी पानाच्या पेशी फुटतात आणि वितळल्यावर ते लिबलिबीत होते.

धागाकर्त्याचे उत्तर

समजले. बरणीचा विचार सोडून दिला आहे आणि साचा आजच आणला. पहिल्या वड्या बिनमिठाच्याच करतो.