मेळघाटच्या कडेला दोन रात्री तंबूत राहायचंय: जागा, सामान, स्वयंपाक सुचवा

पांढरीची_वाट
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी मी, माझा लहान भाऊ आणि कॉलेजात शिकणारे भाचा-भाची असे चौघं परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या बाजूला दोन दिवस पायी फिरणार आहोत. हॉटेल नको, तंबूतच राहायचं आहे. मुलं पुण्याला असताना सह्याद्रीत किल्ल्यांवर, गुहांत, देवळांत मुक्कामाला राहिली आहेत. इकडे तसं चालतं का? नरनाळा किल्ल्यावर रात्र काढता येईल का? शिवाय तंबू, अंथरूण, चूल की गॅस, पाणी, सगळ्यांवरच सल्ला हवा आहे. सामान नव्याने घ्यायचं आहे आणि आठ-दहा हजारांच्या वर जायचं नाही. कुणी याच भागात फिरलेलं असेल तर फार बरं.

सिपनाकाठ
आधी जागेचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

सह्याद्रीची सवय इकडे चालत नाही. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. नरनाळा, वान, अंबाबरवा ही अभयारण्यं त्याच व्यवस्थेत येतात आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, विस्तव पेटवता येत नाही. नरनाळा शहानूरच्या गेटमधून दिवसा पाहा, वेळेत खाली उतरा. गडावर तंबू हा विषय सोडून द्या. आणि हे फक्त नियम आहेत म्हणून सांगत नाही. अस्वल माणसाला बघून लांब जाईल असं धरून चालू नका. वाघापेक्षा अस्वलाशी अचानक गाठ पडण्याचीच भीती इकडच्या लोकांना जास्त वाटते, आणि ती खरी आहे.

मग राहिले दोन मार्ग. वनखात्याची निवासस्थानं सेमाडोह, कोलकास, शहानूर इथे आहेत. कोलकासला सिपना नदीच्या काठची सकाळ मिळते, पण डिसेंबरअखेरीस गर्दी असते, बुकिंग आत्ताच बघा. दुसरा मार्ग म्हणजे जंगलाबाहेर, घाटाच्या पायथ्याशी किंवा पठारावरच्या गावात, मालकाच्या परवानगीने खाजगी जमिनीवर तंबू. तुम्हाला तंबूच हवा आहे तर हाच धरा. गावच्या पोलीस पाटलांना तोंडी कळवून ठेवा, चौघांची नावं आणि गाडीचा नंबर द्या. रात्री अनोळखी बॅटरी दिसली की गाव जागं होतं, आणि ते बरोबरच आहे.

जागल्या
भाऊ, जंगलात कायले झोपता? वावर पाहा. आता हरभरा-गहू उभा हाये, रानडुकरं अन् रोही (नीलगाय) येतेत म्हून मानसं तशीबी रातभर जागलीले मचानावर रायतेत. ओळखीच्या मानसाले इचारा, तो नाही म्हननार नाही. वरून सोबत होते, शेकोटी तयार असते.

पन एक गोष्ट ध्यानात ठेवजा, अन् ह्या पोरायले आधी सांगजा. रात्री दुसऱ्याच्या वावरातून शार्टकट मारू नोका. जनावरं येऊ नोये म्हून वावराभोवती तार लावलेली रायते. तिले सौर झटका मशीन असन त झटका बसून मानूस दचकते, मरत नाही. पन काही लोकं तारेत सरळ लाइनचा करंट सोडतेत. ते बेकायदेशीर हाये, अन् त्यानं जनावरंच नाही, मानसंबी मेली हायेत. म्हून दिवस असतानाच मालकासंगं धुऱ्या-धुऱ्यानं एक चक्कर मारा. कोन्या बाजूनं तार हाये ते पाहून घ्या, शेजारच्या वावराचंबी इचारा. रात्री लघवीले कोनीकडं जायाचं ते तवाच ठरवून टाका.

तंबू भेगाळ काळ्या जमिनीवर लावू नोका, भेगीत विंचू-साप रायतेत. तुराट्याच्या अन् कडब्याच्या गंजीपासून लांब राहा. जुन्या खळ्याची जागा असन त तिच्यासारखी जागा नाही, चोपलेली रायते. मोहाच्या झाडाखाली अजिबात नोको. डिसेंबरात फुलं नसतेत हे खरं हाये, पन सवय लागली की मानूस मार्च-एप्रिलातबी तिथंच झोपते, अन् तवा पहाटे अस्वल फुलं खाले येते.

पांढरीची_वाट
जागल्याभाऊ, तारेचं आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. फार मोलाचं सांगितलंत. पायथ्याशी भावाच्या मित्राच्या काकाजींचं वावर आहे, संत्र्याची बाग आणि शेजारी हरभरा. पहिली रात्र तिथे, दुसरी वर पठारावर कुणाच्या तरी जमिनीवर, असं ठरतंय. आता थंडी किती असेल? वर आणि खाली वेगवेगळं सामान लागेल का?

उबदार_ओझं
चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, म्हणजे खाली परतवाड्याला जी थंडी असेल त्याहून वर बरीच जास्त. पण एक गंमत लक्षात घ्या. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन खोलगट जागी साचते. नाल्याच्या काठची सखल जागा रात्री उंचवट्यापेक्षा गार पडते आणि तिथे दवही जास्त. म्हणून नाल्यापासून थोडं वर, उतारावरच्या सपाट तुकड्यावर तंबू लावा. नाल्यात कधीच नाही, हिवाळ्यातही. अवकाळी पाऊस आपल्याला विचारून येत नाही.

पैशाचं माझं मत स्पष्ट आहे: तंबूवर कमी खर्च करा, अंगाखालच्या चटईवर जास्त. लोक महागडी स्लीपिंग बॅग घेतात आणि पातळ सतरंजीवर झोपून कुडकुडतात. बॅगेचा खालचा भाग अंगाच्या वजनाने दबतो, त्यातली हवा जाते आणि ऊब संपते. जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. बंद पेशींच्या फोमची घडीची चटई स्वस्त असते, फुटत नाही, काट्याने पंक्चर होत नाही. बाभूळ-बोरीच्या आपल्या मुलखात हवा भरायच्या गादीपेक्षा तीच बरी. वर जास्त थंडी वाटली तर दोन चटया एकावर एक टाका, त्यांचा उबदारपणा सरळ बेरजेने वाढतो.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे छापलेले असतात, कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते) आणि लिमिट (कशीबशी रात्र निघेल ते). दुकानदार लिमिटचा आकडा दाखवून विकतो, तुम्ही कम्फर्टचा बघा. पाच अंश कम्फर्टवाली पुरेल, आत एक पातळ चादर घ्या. खालच्या मुक्कामाला सामान बंडीने नाहीतर मोटरसायकलने जाणार असेल तर बॅग विकतसुद्धा घेऊ नका, घरची गोधडी आणि घोंगडी उत्तम. वरच्या रात्रीपुरती अमरावती-नागपूरला भाड्याने मिळते का ते विचारा.

तंबू दोन घ्या, दोघा-दोघांचे, दुहेरी कापडाचे. आतली जाळी आणि वरचं कापड एकमेकांना चिकटता कामा नये, नाहीतर श्वासाची वाफ गार होऊन सकाळी अंगावर टपकते. थंडी आहे म्हणून झरोके बंद करू नका. पायथ्याला मुरूम कडक असतो, तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून लांब जाड खिळे आठ-दहा घेऊन ठेवा. आणि प्रत्येकाला डोक्याला लावायची बॅटरी. मोबाइलच्या उजेडात हात मोकळे राहत नाहीत.

चुलीजवळ
स्वयंपाकाचं मी सांगते. ताई (की दादा, माहीत नाही!), पहिल्या रात्री वावरात आहात तर रोडगेच करा. गव्हाचं जाडसर रवाळ पीठ घरूनच मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून नेलं की तिथे फक्त पाणी लागतं. घट्ट भिजवा. पोळी लाटून तेल लावून घडी घाला, मग गोळा वळा, म्हणजे आत पदर सुटतात. गोवऱ्या पेटवून धूर पूर्ण जाऊ द्या, आर पडला की त्यात रोडगे पुरा आणि मधून मधून फिरवा. अर्धा-पाऊण तास तरी लागतो, घाई केली तर आत कच्चे राहतात. कापडाने राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. वांगी वावरातलीच मिळतील.

दुसऱ्या दिवशीचा माल पाठीवर आहे, तिथे हौस नको. घरून काय न्यायचं: मुगाच्या वड्या, जवसाची चटणी, गूळ-शेंगदाणे, सातूचं पीठ, दशम्या. तांदूळ-मूगडाळ, हळद, तिखट, मीठ एकत्र करून एका जेवणाची एक अशा पुड्या बांधा. डाळ-तांदूळ शिजवण्याआधी अर्धा तास भिजत ठेवले की गॅस बराच वाचतो. पठारावर कोरकू गावात कुटकी मिळाली तर जरूर घ्या. बारीक दाणा, लवकर शिजतो, खिचडी सुरेख होते. वड्या थोड्या तेलात परतून त्याच खिचडीत टाका, वेगळी भाजी करायला नको.

भांडं जर्मनचं (अॅल्युमिनियमचं), झाकणाचा एक गंज आणि एक पातेली पुरे.

एक मात्र पाळा. खाण्याचं काहीही तंबूत ठेवू नका. उंदीर येतात, उंदरामागे साप येतो. चिखलदऱ्याची वानरं दिवसाढवळ्या पिशवी ओढतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा तंबूपासून लांब ठेवा. संत्र्याची सालं आणि बिस्किटांचे कागद परत आणा.

उबदार_ओझं
गॅसबद्दल थोडी भर. साध्या ब्युटेनच्या कॅनचा दाब थंडीत पडतो, पहाटे ज्योत मरतुकडी होते. कॅन घेताना आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण बघा. ते मिळालं नाही तर कॅन रात्री अंथरुणात घेऊन झोपा. एक लिटर पाणी उकळायला साधारण १० ते १५ ग्रॅम गॅस लागतो, त्यावरून हिशोब काढा. वाऱ्याला आडोसा करा, पण कॅनला चहूबाजूंनी झाकू नका, तो तापतो. आणि तंबूच्या आत स्टोव्ह, शेगडी, निखारे काहीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रानहळद
वावरात शेकोटीला माझी हरकत नाही, पण पठारावर, जंगलाला लागून असलेल्या जमिनीवर फक्त गॅस वापरा अशी कळकळीची विनंती आहे. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि सागाची पानं गळायला लागतात. आपल्याकडच्या वणव्यांची सुरुवात बहुतेक वेळा माणसाच्या हातूनच होते. खालीही निजायच्या आधी शेकोटीवर पाणी ओता, काडीने ढवळा, पुन्हा ओता. हाताला गार लागेपर्यंत.

आरोग्यसेविका_वऱ्हाड
मी ग्रामीण भागात काम करते म्हणून मला दोन गोष्टी राहवत नाहीत.

पहिली म्हणजे मण्यार. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावा इतका हलका की कित्येकांना जागही येत नाही. खूण दिसेलच असं नाही, सूजही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलताना अडखळणं असं काही दिसलं तर अपचन समजून वाट बघू नका. चेन पूर्ण लावलेला जाळीचा तंबू हाच उत्तम बचाव आहे, म्हणून रात्री चेन उघडी ठेवायची नाही. बूट आत घ्या, सकाळी झटकूनच घाला. दंश झालाच तर कापणं, चोखणं, दोरीने आवळणं, मांत्रिक, काही नाही. तो हात-पाय काठी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिसर्पविष तिथे मिळतं. मेळघाटात रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, म्हणून जवळचं रुग्णालय आणि रात्री गाडी कुणाकडे आहे हे मुक्कामाला पोचल्याबरोबर विचारून ठेवा.

दुसरी म्हणजे स्क्रब टायफस. २०१८ मध्ये विदर्भात त्याने जीव घेतले आहेत. गवत-झुडपातल्या बारीक किड्याच्या अळीमुळे होतो, पावसाळ्याच्या शेवटी जास्त. तुमच्या दिवसांत धोका कमी, तरी गवतावर उघड्या अंगाने लोळू नका, बाह्या-मोजे पूर्ण घाला. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘रानात राहिलो होतो’ हे स्वतःहून सांगा. काळ्या खपलीचा डाग अंगावर कुठे आहे का तेही दाखवा. वेळेत औषध मिळालं तर आजार बरा होतो.

पांढरीची_वाट
सगळ्यांचे मनापासून आभार. (चुलीजवळ, मी मामा आहे!) पाण्याचं कुणीच बोललं नाही अजून. भाच्याने पोकळ धाग्यांचा पिळायचा फिल्टर आणायचं ठरवलंय. तो चालेल ना? आणि भाऊ नागपूरहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने येतोय, गॅसचे कॅन तोच आणणार म्हणतो.

सिपनाकाठ
मामा, कॅन रेल्वेत नेता येत नाही, ज्वलनशील सामानाला बंदी आहे. अमरावतीतच शोधा, नाहीतर नागपूरहून कुणाच्या गाडीने मागवा.

फिल्टर डोंगरातल्या झऱ्याला, विहिरीला ठीक. जीवाणू आणि गढूळपणा अडवतो, विषाणू अडवतो असं धरू नका. म्हणून गाळून झाल्यावर उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. पण पाण्यात विरघळलेलं काहीच तो अडवत नाही. पूर्णा नदीच्या खाऱ्या पट्ट्यातलं पाणी गाळलं तरी खारंच राहतं, उकळलं तर आणखी खारं. तेच फवारणीच्या औषधांचं. यवतमाळात २०१७ साली फवारणीने किती शेतकरी दगावले ते आपण पाहिलं. तेच औषध वावराच्या नालीत उतरतं. संत्र्याच्या बागेच्या खालच्या बाजूचं पाणी कितीही निर्मळ दिसलं तरी पिऊ नका. काकाजी स्वतः प्यायला कुठलं पाणी आणतात ते विचारा आणि तेच भरा, माणशी किमान चार लिटर, स्वयंपाकाचं वेगळं. वर चढताना प्रत्येकाजवळ दोन लिटर हवंच. शौचाला पाण्यापासून सत्तर पावलं लांब जा, वीतभर खोल खड्डा करा आणि नीट बुजवा.

जागल्या
मामा, काकाजीच्या वावराच्या बाजूले कोनाची जमीन हाये ते उद्या इचारून इथं टाका. तिकडचे लोकं मायावाल्या ओळखीचे हायेत, तारेचं मी फोन करून पक्कं करून सांगतो.